पाचदा संधी आली, बाई तिथेच: दुनहुआंगच्या मिवनायची केस

केस स्टडीत नावं बदलायची पद्धत असते. ती मी इथे पाळत नाहीये, कारण बाईला जाऊन सतराशे वर्षं झाली आणि तिचं नाव तिच्याच पत्राखाली आहे. मिवनाय. सोग्दी भाषेत याचा अर्थ वाघाचं पिल्लू. पुढे तिचं पत्र वाचाल तेव्हा कळेल की नाव ठेवणाऱ्याने अगदी बरोबर ठेवलं होतं.

रेशीम मार्गावरच्या गप्पा बहुतेक वेळा मालावरच संपतात, कुठून रेशीम आलं, कुठे कस्तुरी गेली, किती उंट होते वगैरे. ही केस त्याच रस्त्यावर अडकलेल्या एका बायकोची आणि तिच्या मुलीची आहे. माल ये-जा करत होता, पत्रं ये-जा करत होती (निदान करायला हवी होती) आणि या दोघींना मात्र घरी न्यायला कोणी तयार होईना. का होईना, तेच बघायचंय.

पार्श्वभूमी

१९०७ साली ऑरेल स्टाइन चीनच्या वायव्य टोकाच्या दुनहुआंगच्या पश्चिमेला जुन्या चिनी सरहद्दीचे पडके टेहळणी बुरुज धुंडाळत होता. हा ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या नोकरीतला माणूस, काश्मीरची राजतरंगिणी इंग्रजीत आणली तोच. दुनहुआंगपासून साधारण ९० किलोमीटरवरच्या एका बुरुजाच्या बोळात कचरा साठला होता, त्यात त्याला घट्ट घड्या घातलेले कागद सापडले. पाच पत्रं बऱ्यापैकी अख्खी आणि बाकी तुकडे. बहुतेक एखाद्या टपालाच्या थैलीतलीच ही पत्रं, वाटेत कुठेतरी अडली ती अडलीच. आज ती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

भाषा सोग्दी. सोग्द म्हणजे समरकंद, बुखारा, पंजिकंद हा पट्टा, झरफशान नदीचं खोरं, आजच्या उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तानात येतं. या लोकांचं स्वतःचं मोठं साम्राज्य कधी नव्हतं पण दुकान मात्र सगळीकडे, आपल्याकडे कसं कुठल्याही आडगावच्या पेठेत गेलं तरी एक तरी मारवाड्याचं दुकान असतंच, तसं. सिंधूच्या वरच्या खोऱ्यात शतियालला खडकांवर त्यांनी शेकड्यांनी नावं कोरून ठेवलीयत. त्यांच्या तांड्याच्या प्रमुखाला ते सार्तपाव म्हणायचे आणि त्यात संस्कृतातला सार्थ शब्द दडलाय, सार्थवाहातला. म्हणजे आपल्या बाजूच्या व्यापाऱ्यांशी ओळख जुनी. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक व्यापारी माहितीपुस्तकात चीनचं रेशीम बॅक्ट्रियामार्गे (आजच्या अफगाणिस्तानाचा उत्तर भाग) भडोचला उतरतं असं लिहिलंय, आणि पैठण, तेरचा माल जातो तोही त्याच भडोचला.

काळ कुठला? इथे दुसऱ्या क्रमांकाचं पत्र कामाला येतं. ते नानै-वंदक नावाच्या व्यापाऱ्याने समरकंदच्या आपल्या लोकांना लिहिलंय (नाना ही देवी आणि वंदक म्हणजे सेवक, थोडक्यात आपला देवीदास). त्यात तो सांगतो की चीनच्या राजधानीत, लुओयांगमध्ये दुष्काळ पडला, सम्राट पळाला, राजवाडा जाळला, शहर जाळलं, लुओयांग गेलं. ही घटना चिनी इतिहासात पक्की आहे, ३११ सालची, उत्तरेकडच्या शिओंगनू टोळ्यांच्या फौजांनी लुओयांग लुटलं तेव्हाची. त्यावरून हेनिंग या अभ्यासकाने १९४८ मध्ये पत्रं ३१३ च्या आसपासची ठरवली आणि आता बहुतेक जण तेच धरतात.

याच पत्रातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. नानै-वंदक लिहितो की आतल्या भागातून, म्हणजे चीनच्या आतून, एखादा सोग्दी माणूस इकडे येऊन तीन वर्षं झाली. आणि लुओयांगला जे हिंदी आणि सोग्दी होते ते सगळे उपासमारीने गेले. हो, हिंदी. आपल्याकडचे लोकही तिथे होते आणि तिथेच संपले, त्यांच्याबद्दल या पत्रात हे एकच वाक्य.

नेमका प्रॉब्लेम काय

मिवनाय, तिचा नवरा नानै-धात आणि मुलगी शैन. नवऱ्याच्या सांगण्यावरून मिवनाय माहेर सोडून दुनहुआंगला आली. आई नको म्हणत होती, भाऊ नको म्हणत होते, त्यांचं तिने ऐकलं नाही. नंतर नवरा तिथे नाही, त्याचं पत्र नाही, पैसे नाहीत. असं तीन वर्षं. ती एकामागून एक पत्रं पाठवतेय आणि उत्तर एकाचंही नाही.

दुनहुआंग तेव्हा काही ओसाड वाळवंटातलं ठाणं नव्हतं हे आधी सांगून ठेवतो, कारण बरेच जण तशी कल्पना करतात. चीनच्या आत आग लागली होती तरी हा पश्चिमेचा लिआंग प्रांत त्या मानाने शांत होता, ३०१ पासून चांग ग्वेई नावाचा गव्हर्नर तो सांभाळत होता. सोग्दींची वस्ती होती, त्यांचे पुढारी होते, पुजारी होता. म्हणजे बाई एकटी पडली ती माणसं नव्हती म्हणून नव्हे, माणसं चिक्कार होती. ती स्वतः लिहिते की इथून निघायची संधी एकदा, दोनदा, पाचदासुद्धा आली होती. पाचदा! आणि प्रत्येक वेळी न्यायला नकार.

दुनहुआंग ते समरकंद सरळ रेषेत मोजलं तरी सव्वादोन हजार किलोमीटरच्या वर भरतं, आणि रस्ता काही सरळ रेषेत जात नाही, मध्ये तकलामकानचं वाळवंट आहे, पामीरचे डोंगर आहेत. बाई आणि मुलगी एकट्या निघतील हा विचारच सोडा. तांड्याबरोबरच जायचं, आणि तांड्यात घ्यायचं तर कोणीतरी पुरुषाने जबाबदारी घ्यायची.

पर्याय कोणते होते

पत्रं दोन आहेत. एक आईला (आईचं नाव चातिस), एक नवऱ्याला. आईचं आधीचं वाटतं कारण त्यात फर्नखुंद नावाचा एक माणूस (हा कोण ते लगेच येतंय) अजून जागेवर आहे आणि नवऱ्याच्या पत्राच्या शेवटी तो पळून गेलेला आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की तिने काय काय चाचपून पाहिलं ते दिसतं.

पहिला पर्याय, नवऱ्याकडे जाणं. त्यासाठी फर्नखुंदने न्यायला हवं. हा नवऱ्याच्या व्यवहारात कुठेतरी गुंतलेला माणूस असावा. तिने वस्तीच्या पुढाऱ्यांकडे अर्ज केला की फर्नखुंदला काहीतरी मदत करा म्हणजे तो मला नवऱ्याकडे पोचवेल. फर्नखुंदचं उत्तर मला या सगळ्या पत्रांतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं: मी काही नानै-धातचा नोकर नाही आणि त्याचं भांडवलही माझ्याकडे नाही.

दुसरा पर्याय, माहेरी जाणं. नवऱ्याकडे नाही तर निदान आईकडे तरी न्या. इथे जे झालं ते आपल्यापैकी ज्याने ज्याने सरकारी कचेरीत दाखला काढलाय त्याला समजावून सांगायला नको. सघारक नावाच्या पंचाला विचारलं तर तो म्हणतो नानै-धातचा इथला सगळ्यात जवळचा नातेवाईक आर्तिवान, त्याला विचार. आर्तिवानकडे गेली तर तो बोट दाखवतो फर्नखुंदकडे. फर्नखुंद म्हणतो, नवऱ्याकडच्या नातेवाइकाचीच संमती नसेल तर मी तुला आईकडे नेऊ कसा? थांब, कदाचित नानै-धात येईल. झालं, फेरी पूर्ण.

तिसरा, उसने पैसे काढून स्वतःच सोय करणं. कोणी कर्ज देईना. अंगावर धड कपडे नाहीत, हातात पैसा नाही, पुजाऱ्याच्या दानावर दिवस काढतेय असं ती आईला लिहिते.

चौथा पर्याय पुजाऱ्याने स्वतःहून पुढे केला. तू निघालीस तर मी तुला उंट देईन, बरोबर एक माणूस असावा, वाटेत तुझी नीट काळजी घेईन. तीन वर्षांत मिळालेली ही एकमेव ठोस ऑफर, ज्यात खरंच एक उंट आहे.

तिने काय केलं

उंटाचं काय झालं? आईला ती लिहिते की तुझं पत्र येईपर्यंत त्याने माझ्यासाठी एवढं करावं. म्हणजे तिने ऑफर नाकारली नाही, पण निघणं आईच्या पत्रावर टांगलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं अगं बाई, पत्र काय, उंट मिळतोय तर नीघ. मग जरा विचार केला. आईचं आणि भावांचं न ऐकता घर सोडून आलेली बाई, आता एक पोर घेऊन रिकाम्या हाताने परत जाणार, तिला दारात उभं करतील की नाही हे आधी कळायला नको का? आणि नवऱ्याच्या नातेवाइकाची संमती नसताना निघाली तर ती पळून गेलेली बायको ठरणार. आईचं पत्र हाती असतं तर कोणाला तरी दाखवायला काहीतरी कागद झाला असता. तिचं लॉजिक चुकीचं नव्हतं. फक्त ते पत्र त्या बुरुजाच्या पुढे गेलंच नाही.

मग नवऱ्याचं पत्र. सुरुवात अशी की वाचून आपली जुनी मोडी पत्रं आठवावीत, शिरसाष्टांग नमस्कार, विज्ञापना ऐसी जे. माझे थोर धनी नानै-धात यांना गुडघे टेकून, देवांना करावा तसा नमस्कार. आपण सुखरूप आहात हे ज्याला दिसेल त्याचा तो दिवस चांगला, वगैरे वगैरे. आणि मग गाडी घसरते. मी वाईट जगतेय, स्वतःला मेलेलीच समजते. पत्रावर पत्र पाठवते, तुमचं एकही नाही, मी तुमची आशा सोडली. तुमच्या कृपेने तीन वर्षं दुनहुआंगात आहे. तुमची आज्ञा पाळली, आईचं भावांचं ऐकलं नाही, ज्या दिवशी तुमचं ऐकलं त्या दिवशी देव माझ्यावर नक्कीच कोपले होते. आणि शेवटी ते वाक्य ज्यामुळे ही बाई जगभर माहीत झाली: तुमची बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची बायको झाले असते तर बरं झालं असतं.

त्याखाली सही: आपली दासी मिवनाय. नियम म्हणजे नियम.

काही जण म्हणतील हा निर्णय चुकला, ज्याच्याकडून पैसे हवेत त्याला असं लिहितात का. मला नाही वाटत. सरळ पत्रं लिहून झाली होती, वारंवार, आणि पलीकडून शांतता. गोड बोलण्याचा प्रयोग तीन वर्षं चालला आणि फेल गेला.

शिवाय व्यवहाराचं बोलायचं काम मुलीने केलंय, ते फार कोणी सांगत नाही. पत्राच्या शेवटी शैनने बापाला चार ओळी लिहिल्यात. तिनेही आधी तोच गुडघे टेकून नमस्कार. मग सांगते की ती जनावरं राखते. मग, तुम्हाला वीस स्तातेर पाठवणं जड नाही हे मला माहीत आहे (स्तातेर म्हणजे चांदीच्या हिशोबातलं एकक). आणि मग बातमी: फर्नखुंद पळून गेला, चिनी लोक त्याला शोधतायत पण सापडत नाही, त्याच्या कर्जापायी आम्ही दोघी चिन्यांच्या चाकर झालोय.

परिणाम

पत्र गेलं नाही. दोन्ही पत्रं १९०७ पर्यंत त्या बोळात. त्यामुळे नवऱ्याने वाचून काय केलं असतं हा प्रश्नच उरत नाही.

आणि इथे नवऱ्याच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी, इच्छा नसली तरी. मी पण बरीच वर्षं नानै-धातला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. पण नानै-वंदकचं ते वाक्य आठवा, आतून कोणी सोग्दी येऊन तीन वर्षं झाली. मिवनाय अडकलीय तीही तीन वर्षं. तो चीनच्या आत गेला होता असं पत्रात लिहिलेलं नाही, त्यामुळे आकडे जुळतात म्हणून गोष्ट जुळवायची नाही. पण ज्या काळात राजधानी जळत होती, लोक उपाशी मरत होते आणि टपालाची थैली बुरुजाच्या कचऱ्यात संपत होती, त्या काळात उत्तर आलं नाही म्हणजे माणूस नालायकच होता हे सिद्ध होत नाही. तिची आधीची पत्रं तरी पोचली होती का? हीच पोचली नाहीत. तिला मात्र हे कळायचा काही मार्ग नव्हता, तिच्या हिशोबी तो जिवंत होता आणि गप्प होता.

एक गोष्ट तरीही त्याच्या खात्यावर राहतेच. ती युद्धाच्या आधीची आहे.

निर्णय कुठे हुकले, वेगळं काय होऊ शकलं असतं

फर्नखुंदचं वाक्य परत घ्या. नोकर नाही, भांडवल माझ्याकडे नाही. निर्दयी वाटतं, पण व्यापाऱ्याच्या भाषेत तो अगदी सरळ बोलतोय. तुमचं माझं नातं काय, एक तर पगार किंवा ठेव. दोन्ही नाही तर मी तुमच्या बायकोचा खर्च, उंट, चारा, वाटेतला धोका कुठल्या खात्यात लिहू?

म्हणजे नवऱ्याने जाताना चार पैसे कोणाकडे तरी ठेवून कागद करून दिला असता तर काम झालं असतं? बहुतेक झालं असतं, आणि हे मी हवेत बोलत नाहीये, पुरावा त्याच थैलीत आहे. नानै-वंदकच्या पत्रात लुओयांगच्या बातम्या संपल्या की तो हिशोबावर येतो. आपण इथे आता मरणाच्या दारात आहोत असं त्याला वाटतंय. समरकंदमध्ये एक ठेव आहे, ती काढून मोजा, मुद्दलात व्याज मिळवा, कागद करा, आणि ते तख्सिच-वंदक या पोरक्या मुलाच्या नावे सांभाळा, कारण या पैशाशिवाय त्याला दुसरा आधार नाही. शिवाय ३२ नाफे (नाफा म्हणजे कस्तुरीमृगाची कस्तुरीची पिशवी) कस्तुरी दुनहुआंगला पाठवलीय, तिचे पाच भाग करा, तीन त्या मुलाला, एक पेसाक्क नावाच्या माणसाला, एक तुम्हाला. हजारो किलोमीटरवरून, जग बुडत असताना, हा माणूस एका पोराचं भविष्य चार ओळींत बांधून ठेवतोय! ती यंत्रणा होती. लोकांना ती माहीत होती, वापरात होती. नानै-धातने ती बायको-मुलीसाठी वापरली नाही, किंवा वापरली असेल तर फर्नखुंदने खाल्ली, आणि त्याची ती कर्जं बघता मला ही दुसरी शक्यताही सोडवत नाही.

दुसरा मुद्दा पुढाऱ्यांचा. सघारक आणि मंडळींनी प्रश्न असा घेतला की हिला पाठवायची परवानगी कोणी द्यायची. त्याऐवजी हिला तीन वर्षं खायला कोणी घालायचं हे कोणीतरी विचारलं असतं तर आर्तिवानला एक तर पैसे काढावे लागले असते किंवा संमती द्यावी लागली असती. परवानगी अडवणाऱ्याने खर्चही उचलायचा, एवढा साधा नियम. इथे अडवायचा हक्क सासरच्या माणसाकडे आणि जेवू घालायची जबाबदारी पुजाऱ्याकडे, मग आर्तिवानला कसली घाई असणार?

तिसरी गोष्ट करारपत्राची, आणि यासाठी चारशे वर्षं पुढे जावं लागेल. ताजिकिस्तानात मुग डोंगरावरच्या किल्ल्यात १९३० च्या दशकात सोग्दी कागदपत्रं सापडली, त्यात ७१० सालचा एक लग्नाचा करार आहे. नवरा उत्तेगिन, बायको चात. त्यात काय काय आहे बघा. नवऱ्याने तिला अन्न, वस्त्र, दागिने द्यायचे आणि मानाने घरची मालकीण म्हणून वागवायचं. तिच्या संमतीशिवाय दुसरी बायको केली तर ३० दिरहम दंड. तिला नांदायचं नसेल तर ती सोडून जाऊ शकते. आणि सगळ्यात कामाचं कलम: नवरा कोणाचा गुलाम, ओलीस, कैदी किंवा अंकित झाला तर चात आणि तिची मुलं मोकळी, त्यांच्यावर कसलंही देणं नाही.

हे कलम वाचून शैनच्या ओळी परत वाचा. कोणाच्या तरी कर्जापायी आम्ही चाकर झालो, मी आणि आई. असं कलम कोणी उगाच सुचलं म्हणून लिहीत नाही, आधी बऱ्याच घरांत तसं होऊन गेलेलं असतं तेव्हा ते करारात येतं. मिवनायच्या वेळी असे करार होत होते का, झाले असते तरी दुनहुआंगच्या चिनी सावकाराने सोग्दी करार मानला असता का, यावर वाद घालता येईल. पण तिच्या हातात दाखवायला निदान एक कागद असता. सघारकसमोर, आर्तिवानसमोर ती नुसतं तोंडाने बोलत होती.

आणि उंट. यावर माझं मत दर वेळी वाचताना बदलतं. आज विचाराल तर म्हणेन, मुलीला घेऊन निघायला हवं होतं, पुजाऱ्याचा शब्द गरम होता तेव्हाच, नंतर फर्नखुंदच्या कर्जाने तोही दरवाजा बंद केला. पण तिला पुढचं दिसत नव्हतं. तिला फक्त एवढंच माहीत होतं की मागच्या वेळी घरच्यांचं न ऐकता निघालो तेव्हा काय झालं.

नानै-वंदकचं पत्र रेशमात गुंडाळून, जाड्याभरड्या कापडाच्या लिफाफ्यात घालून, वर समरकंदचा पत्ता टाकून निघालं होतं. वीस स्तातेरवालं पत्रही त्याच बोळात सापडलं. त्यावर तारीख आहे, तिसऱ्या महिन्याची दहावी.